मोटार उचलतांना

घरच्या घरीं मोटारीची देखभाल करण्याची हौस स्तुत्यच. परंतु जॅक हा गाडी उचलण्यासाठीं असतो, तोलून धरण्यासाठीं नव्हे. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या जॅकचें रबरी सील झिजलें, कीं तेल सरतें व गाडी खालीं बसते. आणि लहानशी गाडीही ६०० किलोंहून जड असते! म्हणून गाडीच्या पुस्तिकेंत दाखविलेल्या जागीं पोलादी स्टँड लावून भार त्यांवर उतरवावा. विटांची थप्पी हा निव्वळ अविचार. ती पूर्वसूचना न देतां फुटते. जमीन अर्थातच सपाट व टणक हवी. बहुतेक गाड्यांचा हातब्रेक मागच्या चाकांनाच आवळतो. तींच दोन्ही अधांतरीं झालीं, तर त्याचा उपयोग काय? तेव्हां पुढच्या चाकांना दोहों बाजूंनीं पाचरी द्याव्या. मग गाडी हातानें हलवून पाहावी; डगमगली तर उतरवून पुन्हां मांडावी, आणि स्थिर राहिली तरच खालीं शिरावें.