दिवा फिर्याद करतो, निकाल देत नाही



गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गाडी चालत असते, पिकअपही फारसा कमी झालेला नसतो. मालक गॅरेजमध्ये जातो. मेकॅनिक स्कॅनर लावतो, पडद्यावर एक कोड येतो, आणि त्या कोडाच्या वर्णनात ज्या भागाचं नाव असेल तो भाग बदलला जातो. काही दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. मग दुसरा भाग, मग तिसरा. जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या मालकाला ही वाट फार महाग पडते, कारण तिचे सुटे भाग महाग असतात आणि काही तर सहज मिळतही नाहीत. म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. तो कोड म्हणजे गाडीने नोंदवलेली फिर्याद आहे. गुन्हेगार कोण, हे तपास केल्यावरच ठरवायचं असतं.

हा दिवा आला तो हवेच्या काळजीतून. कॅलिफोर्नियात धुराचा त्रास मोठा होता. तिथल्या हवा मंडळाने १९८८ च्या मॉडेलपासून गाडीनेच स्वतःवर लक्ष ठेवावं असा नियम केला. पुढे १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या मोटारींना एकच पद्धत लागू झाली, ती ओबीडी-टू. चालकाच्या बाजूला डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट आणि सर्व कंपन्यांना समान असे कोड. धुरातलं प्रदूषण मर्यादेच्या साधारण दीडपट होईल असा दोष दिसला की दिवा लावायचा, हे त्यामागचं सूत्र. म्हणून गाडी पळायला चांगली वाटत असली तरी दिवा खोटं बोलतो आहे असं समजू नये.

उदाहरणासाठी एक गाडी घेऊ या. माझदा मियाटा, मॉडेल २०००, कॅलिफोर्नियात चालणारी. दोन माणसांची उघडी गाडी, चार सिलिंडरचं १.८ लिटरचं इंजिन. मियाटा पहिल्यांदा लोकांसमोर आली ती १९८९ च्या फेब्रुवारीत, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात. आपली गाडी तिच्या दुसऱ्या पिढीतली. इंजिन साधं आहे, झाकण उघडलं की बहुतेक गोष्टी हाताशी येतात. तपास शिकायला ही गाडी उत्तम.

पहिला प्रश्न: दिवा स्थिर आहे की लुकलुकतो आहे? लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग करतं आहे. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. ॲक्सिलरेटरवरचा पाय लगेच सैल करा, गाडी बाजूला घ्या आणि पुढे दामटू नका. दिवा स्थिर असेल तर तापमान आणि ऑइलचा काटा पाहून घरापर्यंत जाता येतं.

दुसरी गोष्ट: कोड पुसण्याआधी सगळं लिहून घ्या. कोडाबरोबर गाडीच्या संगणकाने त्या क्षणाची नोंदही जपलेली असते, तिला फ्रीज फ्रेम म्हणतात. इंजिन किती आरपीएमवर होतं, किती गरम होतं, त्यावर भार किती होता, गाडीचा वेग किती होता, हे सगळं तिच्यात असतं. कोड उडवला की ही नोंदही जाते. घटनास्थळाचा पंचनामा फाडून टाकून कुणी तपास सुरू करत नाही.

समजा, आपल्या मियाटावर कोड आला पी०१७१. यातला ‘पी’ इंजिन आणि गिअरबॉक्सचा. शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असलेला कोड, आणि पुढचा एक म्हणजे इंधन आणि हवेच्या मोजमापाचा विभाग. अर्थ असा, की मिश्रण लीन आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं आहे. पेट्रोल पूर्ण जळायला एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते. धुरातला ऑक्सिजन सेन्सर शिल्लक ऑक्सिजन पाहतो आणि संगणक त्याप्रमाणे पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात आणि ती टक्क्यांत दिसते. वाढवून वाढवून हद्द झाली, की संगणक दिवा लावतो.

आता पाहा, फिर्याद केली ऑक्सिजन सेन्सरने. अनेक ठिकाणी पहिला बळी त्याचाच जातो, नवा सेन्सर बसवला जातो. पण तो बिचारा बहुधा खरंच सांगत असतो. तपास करायचा तो ट्रिमचे आकडे पाहून. इंजिन गरम करा आणि आयडलिंगला आकडा वाचा. मग रेस देऊन २५०० आरपीएमवर धरा आणि पुन्हा वाचा. आयडलिंगला ट्रिम अधिक बावीस टक्के आणि रेस दिल्यावर अधिक पाच झाली, तर इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढतं आहे. याचं कारण साधं आहे. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, त्याच्या पलीकडे इनटेकमध्ये पोकळी मोठी असते आणि एकूण हवा थोडीच लागते. छोट्या भेगेतून आलेली हवा त्या थोड्या हवेत मोठा वाटा उचलते. थ्रॉटल उघडला की तो वाटा नगण्य होतो. मग शोध घ्यायचा तो थ्रॉटलच्या पलीकडच्या बारीक रबरी नळ्या, पीसीव्ही व्हॉल्व्हचा पाइप आणि इनटेकचं गॅस्केट इथे.

उलट आयडलिंगला आकडा ठीक आणि चढावर, भार आला की वाढत असेल, तर संशय फ्युएल पंपावर, चोंदलेल्या फिल्टरवर किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या मळलेल्या तारेवर घ्यावा. जुन्या स्पोर्ट्‌स कारमध्ये आणखी एक जागा आवर्जून पाहावी: हवा मोजणारा सेन्सर आणि थ्रॉटल यांच्यामधला घड्यांचा रबरी पाइप. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याच्या घड्यांत चिरा पडतात, बहुधा खालच्या बाजूला, जिथे नजर जात नाही. गाडी उभी असताना चीर मिटलेली असते. ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन माउंटिंगवर हललं, की ती उघडते. पाइप काढून हातात घेऊन वाकवून पाहिल्याशिवाय ती सापडत नाही. गॅरेजमध्ये धूर सोडायचं मशिन असेल तर गळती डोळ्यांनी दिसते.

अशा गाडीचा इतिहासही विचारावा लागतो. आधीच्या मालकाने तेल लावलेला कापडी एअर फिल्टर बसवला असेल तर ते तेल सेन्सरच्या तारेवर जाऊन बसू शकतं. बाहेरचा एक्झॉस्ट बसवताना सेन्सरच्या आधी जोड सैल राहिला असेल तर बाहेरची हवा आत येते आणि सेन्सरला मिश्रण लीन भासतं. आणि किलोमीटर कमी दिसले म्हणून खूश होऊ नये. गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतंच.

मिसिंगच्या तपासात तर शुद्ध तर्क कामाला येतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी०३०४ म्हणजे चौथ्यात. या मियाटात दोनच कॉइल आहेत. एक कॉइल पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला ठिणगी देते, दुसरी दुसऱ्या आणि तिसऱ्याला. एक आणि चार दोन्ही एकदम तक्रार करत असतील तर त्यांची सामायिक कॉइल पाहा. एकट्या पहिल्याचीच तक्रार असेल तर त्याचा प्लग आणि प्लगची वायर. मग ती वायर शेजारच्या सिलिंडरला लावा. दोष वायरीबरोबर गेला तर गुन्हेगार सापडला, आणि एक रुपयाही खर्च झाला नाही. जागेवरच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन असं पुढे जायचं.

पी०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याची फिर्याद. ती आली की कन्व्हर्टरच बदलायला सांगतात. कॅलिफोर्नियात हवा मंडळाने मान्य केलेलाच कन्व्हर्टर बसवावा लागतो आणि तो चांगलाच महाग असतो. आधी एक्झॉस्टची गळती, जुनं मिसिंग आणि इंजिन ऑइल खातं का हे तपासा. मूळ दोष तसाच राहिला तर नवा कन्व्हर्टरही खराब होईल.

दुरुस्तीनंतर दिवा लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनी आपोआप विझतो. कॅलिफोर्नियातल्या स्मॉग चाचणीला जाताना दारातच कोड उडवून काही साधत नाही. कोडाबरोबर गाडीच्या अंतर्गत तपासण्यांची नोंदही पुसली जाते, आणि त्या पुरेशा पूर्ण नसतील तर गाडी नापास होते.

आपल्याकडे भारतात ओबीडीची पद्धत प्रदूषणाच्या बीएस-फोर नियमांबरोबर आली. २०१३ च्या एप्रिलपासून नव्या मोटारींना ओबीडी-टू लागू झाली. त्या मोटारीही आता जुन्या होत आहेत. पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात, तालुक्याच्या गॅरेजमध्येसुद्धा स्कॅनर पोहोचला आहे. आता पोहोचायला हवी ती आकडे वाचण्याची सवय. पण ती एकट्या मेकॅनिकच्या हातात नाही. आपण गिऱ्हाईक म्हणून भागाचे पैसे देतो आणि शोधण्याचे पैसे देताना कुरकुरतो. मग भाग बदलणारा टिकतो आणि तासभर खपून वीस रुपयांची नळी शोधणारा तोट्यात जातो. तुमच्या गाडीत तो पिवळा दिवा लागेल तेव्हा मेकॅनिकला विचारा, काय मोजलंत आणि आकडा किती आला. ज्याच्यापाशी उत्तर असेल त्याला शोधकामाची मजुरी वेगळी, पूर्ण आणि आदराने द्या.