ताप उतरला, तरी सावध

डेंग्यू म्हटलं की घरोघरी एकच प्रश्न: प्लेटलेट किती? आकडा दीड लाखाखाली आला की पपईच्या पानांची शोधाशोध सुरू! पण खरी मेख हिमॅटोक्रिटमध्ये, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणात आहे. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरला की रक्त दाट होतं. हिमॅटोक्रिटचा आकडा मूळच्यापेक्षा 20 टक्क्यांनी चढला, तर प्रकरण गंभीर. रक्ततपासणीत फेरिटिन हे लोह साठवणारं प्रथिन हजारोंत गेलं, तर दाह तीव्र असल्याची शंका येते. दाहाचंच दुसरं निदर्शक, सीआरपी, मात्र डेंग्यूत बहुधा बेताचंच वाढतं. धोक्याचे दिवस साधारण तिसरा ते सातवा, नेमका ताप उतरतानाचे. तेव्हा पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठा. आणि अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनानं घेऊ नका.