औषधाचे पाकीट फेकू नका



औषध आपल्या भल्यासाठी असते. पण तेच औषध एखाद्याला बाधते. हजारांना चालते नि एकालाच सोसत नाही. आज आम्ही त्याविषयी चार गोष्टी सांगणार आहोत.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक बाई येत. त्यांच्या मालकांना फेफरे येई. डॉक्टरांनी नवी गोळी सुरू केली. पंधरा दिवसांनी मालकांना ताप आला. डोळे चुरचुरू लागले. घसा दुखू लागला. मग तोंड आले, ओठ सोलले. अंगभर काळपट लाल चट्टे उठले. शेजारी म्हणाले, "आई आल्यात. लिंबाचा पाला आणा."

बाई म्हणाल्या, "पाला राहू द्या. आधी गाडी बघा."

त्यांनी गोळ्यांचे पाकीट पदराला बांधले आणि मालकांना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "औषध कोणतं चालू आहे? कधीपासून?" पाकिटावरचे नाव इंग्रजीत होते. बाईंना ते वाचता येईना, पण पाकीट त्यांनी पुढे केले. तारीख मात्र त्यांनी वहीत लिहून ठेवली होती. ती त्यांनी वाचून दाखवली. गोळी त्याच दिवशी बंद झाली. मालक वाचले. डोळ्यांत मात्र अजून थेंब घालावे लागतात.

या दुखण्याला स्टीव्हन्स-जॉन्सन म्हणतात. 1922 साली दोन अमेरिकन डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले. त्यांचीच ही नावे. दुखणे फार वाढले, तर भाजल्यासारखी कातडी सुटते. मग जिवावर बेतते. हे दुखणे क्वचितच होते, पण झाले तर एक दिवसही दवडू नये.

कोणत्या औषधांनी होते? फेफऱ्याच्या काही गोळ्या, सल्फाची औषधे, युरिक ॲसिडवरची ॲलोप्युरिनॉल ही गोळी, आणि काही वेदनाशामक गोळ्या. बहुधा औषध सुरू केल्यापासून चार दिवस ते चार आठवड्यांत होते. म्हणून नव्या औषधानंतर ताप, तोंडात फोड, डोळ्यांची आग आणि अंगावर चट्टे असे दिसले, तर पुढची गोळी घेऊ नका. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. फेफऱ्याची गोळी असेल, तर तिच्याऐवजी दुसरी डॉक्टरच देतील. अंगाला हळद, राख, चुना लावू नका. बरे झाल्यावर त्या औषधाचे नाव कागदावर लिहून घ्या. तो कागद जन्मभर जवळ ठेवा. ते औषध पुन्हा कधीही घ्यायचे नाही.

आता कायद्याचे बोलू. औषध बाधले म्हणजे डॉक्टर दोषी, असे नाही. पुष्कळदा ते आधी कोणालाच कळत नाही. पण तुम्ही सांगितले, "मला हे सोसत नाही," आणि तरी तेच दिले. किंवा चट्टे दाखवूनही औषध चालूच ठेवले. तर तो हलगर्जीपणा ठरू शकतो.

1995 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील, तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतो, तो दवाखाना या कायद्यात येत नाही. तिथे दिवाणी न्यायालयाची वाट आहे. डॉक्टरविरुद्ध राज्याच्या वैद्यक परिषदेकडेही तक्रार करता येते.

हे पोकळ बोलणे नाही. 1998 साली अमेरिकेहून कोलकात्याला आलेल्या अनुराधा साहा याच दुखण्याने वारल्या. त्यांच्या पतीने पंधरा वर्षे दावा लढवला. उपचारात हलगर्जीपणा झाला, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. 2013 साली सुमारे सहा कोटी रुपये भरपाई देण्याचा हुकूम झाला.

पण पुराव्यावाचून कोणी ऐकत नाही. म्हणून चिठ्ठी, बिल आणि पाकीट जपून ठेवा. चट्ट्यांचा फोटो काढा. दवाखान्याकडे लेखी अर्ज करून सगळे कागद मागा. मागितल्यापासून 72 तासांत ते द्यावेत, असा 2002 चा नियम आहे. अर्जाची नक्कल आपल्याजवळ ठेवा.

वकिलाला पैसे नाहीत? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि गरिबांना तिथे फुकट वकील मिळतो. फोन 15100.

आणखी एक काम करा. औषध बाधल्याची खबर सरकारला द्या. त्यासाठी फुकट फोन आहे, 1800-180-3024. एकाची खबर दुसऱ्याचा जीव वाचवील.

त्या बाई आमच्याकडे इंग्रजी अक्षरे शिकू लागल्या. आम्ही विचारले, "आता कशाला?" त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी पाकीट मीच वाचीन."

आपणही वाचा. नाव वाचा, तारीख लिहा, पाकीट ठेवा.