अठराव्या वर्षानंतरचे छत्र



कोल्हापूरच्या बालकल्याण संकुलात निराधार बालकांचा सांभाळ होतो. परंतु अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृहाचे छत्र सुटते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे. २०१८ मध्ये राज्य शासनाने अनाथांना नोकरीत एक टक्का आरक्षणही दिले. तथापि भाड्याच्या खोलीसाठी त्या मुलाला जामीन कोण राहणार?

कुंभोजचे, आपल्याच समाजातील कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. पुढे त्यातील मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही काढून दिले. आपणांकडे मागणे त्याहून पुष्कळ अल्प आहे. आहारदानात आपण कधी उणे पडलो नाही. अभयदान म्हणून विश्वस्तांनी एका मुलाच्या खोलीची हमी घ्यावी. कापड मोजण्यापासून खतावणीपर्यंत शिकविण्याचे माझ्या दुकानाने पत्करले आहे. पगार पहिल्या दिवसापासून.