ऑर्गनवादकाची विद्या

ऑर्गन म्हटले की मराठी श्रोत्यास प्रथम नाट्यगृह आठवते. त्या ऑर्गनचा भाता वादक पायाने चालवतो आणि आतील धातूच्या पट्ट्या कंप पावून सूर देतात. चर्चमधील मोठा ऑर्गन याहून वेगळा. त्यात शेकडो, कधी हजारो नळ्या असतात. भात्याचे काम पूर्वी माणसे करीत, पुढे ते यंत्रावर गेले. त्यामुळे वादकाचे पाय मोकळे राहतात. पण मोकळे म्हणजे रिकामे नव्हेत. पायांखाली सुमारे तीस लाकडी पट्ट्या मांडलेल्या असतात व खर्जाची ओळ त्यांवर वाजवावयाची असते. दोन हात दोन वाटांनी चालले असता पायांनी तिसरी वाट धरावी, ही या विद्येची पहिली इयत्ता.

ही इयत्ता श्रमाने साधते. खरी परीक्षा संगतीची आहे. धर्मविधी किती लांबेल हे स्वरलिपीत लिहिलेले नसते. धर्मगुरू वेदीपाशी पोहोचेपर्यंत वादकाने सूर विणीत राहावे आणि ते पोहोचताच ऐकणाऱ्यास खटकणार नाही अशा रीतीने समेवर यावे. आपल्या कीर्तनातील पेटीवाल्यास हे मी अधिक सांगावयास नको! म्हणूनच पाश्चात्य संगीतात जे उत्स्फूर्त वादन जवळजवळ लोपले, ते ऑर्गनवादकांनी आजवर जपले. १७०५ साली वीस वर्षांचा बाख चार आठवड्यांची रजा घेऊन बुक्स्टहूडे या वृद्ध वादकास ऐकण्यासाठी आर्नश्टाटहून ल्यूबेकला पायी गेला. अंतर सुमारे चारशे किलोमीटर! तो परतला चार महिन्यांनी, आणि वरिष्ठांनी त्याला जाब विचारला. सरकारी चाकरीतील माणसास या कथेचा उत्तरार्ध अधिक जवळचा वाटतो.

या परंपरेची एक शाखा आपल्या शेजारीच, गोव्यात रुजली. तेथे खेड्यापाड्यांत प्रचंड ऑर्गन नव्हते. लहान पायपेटी आणि व्हायोलिन यांवर काम भागे. पण चर्चला जोडलेल्या शाळेत ‘मेस्त्रे’ नावाचा गायनगुरू असे. मुलाच्या हाती वाद्य देण्याआधी तो त्यास सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी पाहून गाणे, शिकवी. प्रार्थना, सणाआधीचे नोव्हेने, उपवासकाळातील मोतेत, लग्ने, अंत्यविधी, सर्वत्र मेस्त्रेची हजेरी असे. मोतेतांपैकी पुष्कळ रचना या मेस्त्रेंनीच केल्या. कीर्ती गावापुरती, आणि वेतन तुटपुंजे. ही तक्रार जुनीच आहे. लाइप्झिगमध्ये मुख्य संगीतकाराच्या पदावर असलेल्या बाखने १७३० साली मित्रास कळवले होते, की हवा निरोगी असली की अंत्यविधी कमी होतात व गेल्या वर्षी त्यामुळे आपली मिळकत घटली.

मग शिकलेली मुले गावात कशी राहावी? सासष्टीतील माजोर्ड्याच्या चर्चमधील मेस्त्रेचा मुलगा अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) वडिलांपाशी शिकून तरुणपणीच मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिनवादक झाला. १९५८ साली त्याने भारतीय रागांवरील रचना मोठ्या वाद्यवृंदाकरिता सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यांत गायले. त्याचा शिष्य प्यारेलाल याने १९७७ च्या एका चित्रपटगीतातून गुरूचे नाव घरोघरी नेले. ते गाणे आपण हसत हसत ऐकतो. त्यामागे खेड्यातील एका चर्चची शाळा उभी आहे, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. मुंबईला जे लाभले ते गोव्याच्या गावांनी गमावले, असे म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटत नाही.

१९६३ साली व्हॅटिकन परिषदेने नळ्यांच्या ऑर्गनची थोरवी पुन्हा सांगितली आणि त्याच लेखात लोकभाषांनाही वाट करून दिली. पुढे लॅटिनच्या जागी कोंकणी गीते आली. ते योग्यच झाले. आपल्या भाषेत देवाशी बोलावे हे ज्ञानदेवांच्या वारसांस कोणी पटवून द्यावयास नको. पण जुने वह्यांतील संगीत मागे पडले आणि ते शिकवणाऱ्या शाळाही रोडावल्या.

काही वर्षांपूर्वी गोव्यातील एका लहान चर्चमध्ये मी प्रार्थनेनंतर थांबलो होतो. लोक पांगले तरी वृद्ध वादक पायपेटी वाजवीतच होते. शेजारी दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा वहीची पाने उलटत होता. वादन संपल्यावर त्याने पट्टीकडे बोट नेले, तेव्हा म्हाताऱ्यांनी त्याचा हात हलकेच बाजूला केला, वहीची पहिली ओळ दाखवली आणि ती आधी गाऊन दाखवण्यास सांगितले. मुलगा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा त्यांनी झाकण पुन्हा उघडले.