बोया जागेवर आहे का?

स्मार्ट बल्ब, स्मार्ट घड्याळ यांवर आपण खूप बोललो. आज जरा समुद्रात जाऊ.

बंदराच्या वाटेवर पाण्यात बोये तरंगत असतात. आपल्याकडचा नियम सोपा आहे: समुद्रातून बंदरात येताना लाल बोया डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला. मधून खोल पाण्याचा रस्ता. समजा, एखाद्याची साखळी तुटली, तो वाहत गेला आणि दिवा मात्र लुकलुकतच राहिला. विझलेल्या दिव्यापेक्षा हे वाईट, कारण तो आता चुकीची वाट दाखवतोय.

म्हणून बोयावर छोटा बोर्ड बसवतात. तो जीपीएसची जागा, बॅटरीचं व्होल्टेज आणि दिव्याचा करंट मोजतो. किनाऱ्याजवळ असेल तर साधं सिमकार्ड चालतं, लांब असेल तर सॅटेलाइट. शिवाय एआयएस हा जहाजांचा रेडिओ आहेच. त्यातला 21 नंबरचा मेसेज खास अशा खुणांसाठी असतो, साधारण दर 3 मिनिटांनी जातो. 'मी जागेवर नाही' हे सांगायची सोयसुद्धा त्यात असते.

आता आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची गंमत. बोया एका जागी उभा राहतच नाही! पाणी 10 मीटर खोल आणि साखळी 30 मीटर असेल, तर तो सुमारे 28 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो. भरती-ओहोटीबरोबर इकडून तिकडे. अलार्मची हद्द फार जवळ ठेवली तर रात्रभर फोन वाजतो, आणि चार दिवसांत माणसं तो बघायचंच सोडतात. म्हणून एका रीडिंगवर ओरडायचं नाही, लागोपाठ काही रीडिंग बाहेर गेली की ओरडायचं. आणि मेसेज आलाच नाही, तर स्क्रीनवर हिरवा ठिपका तसाच ठेवायचा नाही. गप्प बसलेला बोया म्हणजे ठीक असलेला बोया नव्हे.

ही घाई कशाला? आयाला या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या निकषानुसार सगळ्यात महत्त्वाच्या खुणा 99.8 टक्के वेळ चालू हव्यात. म्हणजे तीन वर्षांत बंद राहायला जेमतेम 52 तास!

यावर कोणी म्हणेल, बोया गेला तर किनाऱ्यावरून एआयएसने त्या जागी व्हर्च्युअल बोया दाखवा. दाखवता येतो, मोठ्या जहाजाच्या स्क्रीनवर तो लगेच दिसतो. पण ज्या छोट्या होडीवर ती स्क्रीनच नाही, तिच्या तांडेलाला? त्याला फक्त खरा दिवा दिसतो. त्यामुळे माझ्या मते अलार्म वाजला म्हणजे काम झालं असं नाही. बोट घेऊन कोणीतरी तिथे पोचलं, बोया परत जागेवर बांधला, की काम झालं. पावसाळ्यात ते सोपं नसतं. म्हणूनच बॅटरी उतरायला लागल्याचं मे महिन्यातच कळलं पाहिजे.

गेटवेहून मांडव्याला गेलात, तर बोये नक्की शोधा. रंग कोणता, कुठल्या हाताला, कमेंटमध्ये कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!