खासगी ‘दंड’ आणि नागरिकाचे मौन



इंग्लंडमध्ये दुकानाच्या आवारात मोटार ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ उभी राहिली की घरी एक कागद येतो. लोक त्याला दंड म्हणतात. वस्तुतः दंड आकारणे हे शासनाचे काम. ही तर खासगी कंपनीने कराराच्या आधारे केलेली मागणी. आणि मोटारमालकाचा पत्ता तिला अडीच पौंडांत पुरवते ते शासनाचेच वाहननोंदणी खाते!

पुढे चार-पाच वर्षांनी, पावत्या हरवल्यावर, न्यायालयाची धमकी येते. १९८० चा मुदतीचा कायदा सहा वर्षांपर्यंत दावा करू देतो. ‘दुर्लक्ष करा’ हा जुना सल्ला आता घातक आहे. चेम्सफर्ड येथील प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ८५ पौंडांची आकारणी वैध ठरविली. मात्र तेथे फलक मोठे व ठळक होते, हे विसरता कामा नये. शिवाय चालक कोण हे ठाऊक नसेल, तर २०१२ च्या कायद्यान्वये विहित मुदतीत योग्य नोटीस दिली असेल तरच नोंदणीधारकाकडून वसुली करता येते.

म्हणून दाव्यापूर्वीच्या पत्राला ३० दिवसांत उत्तर द्यावे. फलकांची छायाचित्रे, नोटिशीची प्रत व जागामालकाशी झालेला करार मागावा. दावा दाखल झाल्यावरही गप्प राहिल्यास एकतर्फी निकाल लागतो, आणि पैसे महिन्याभरात न भरल्यास त्याची नोंद सहा वर्षे कर्ज मिळण्याच्या आड येते.

सिद्धतेचा भार मागणाऱ्यावर आहे. नागरिक मौन पाळतो तेव्हा तो भार आपोआप उतरतो. या धंद्याचा नफा त्या मौनावरच पोसला जातो.